डॅम्पर पूर्ण का मिटत नाही? ॲक्च्युएटरचा टॉर्क, कॉमन वायर आणि ट्रान्सफॉर्मर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतील एका सहा मजली कार्यालयीन इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक एएचयू (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा थंड करून खेळवणारे यंत्र) आहे आणि सर्व मजल्यांची परतीची हवा एका सामाईक शाफ्टमधून, म्हणजे उभ्या हवामार्गातून, येते. प्रत्येक एएचयूला १५०० × १२०० मिमीचा रिटर्न डॅम्पर (परतीच्या हवेच्या मार्गातील, फिरत्या ब्लेडची झडप) आणि ९०० × ६०० मिमीचा फ्रेश एअर डॅम्पर (बाहेरच्या ताज्या हवेसाठी) असून दोन्हींवर २४ व्होल्टचे, ०–१० व्होल्ट सिग्नलवर चालणारे १० न्यूटन-मीटर टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) ॲक्च्युएटर, म्हणजे डॅम्पर फिरवणाऱ्या मोटरी, बसवले आहेत. तक्रारी तीन आहेत. रिटर्न डॅम्पर मिटताना शेवटी बोटभर फट ठेवून थांबतात, वरच्या तीन मजल्यांवरील डॅम्पर दिवसभर पुढे-मागे हलत राहतात आणि एका कंट्रोलरचे आउटपुट दोनदा जळाले आहे. विचारणा अशी की मोठे ॲक्च्युएटर घ्यावेत का, केबल जाड करावी का आणि सर्व ठिकाणी स्प्रिंग रिटर्न (वीज गेल्यावर स्प्रिंगने ठरलेल्या टोकाला परतणारे ॲक्च्युएटर) आवश्यक आहे का.

या तिन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत आणि नुसते मोठे ॲक्च्युएटर आणून त्यातील एकच सुटेल. उरलेल्या दोन्ही वायरिंगच्या आहेत आणि दोन्ही एकाच वायरशी, म्हणजे कॉमनशी (परतीच्या सामाईक वायरशी), निगडित आहेत. म्हणून प्रथम टॉर्कचा हिशेब मांडतो आणि नंतर वायरिंगकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात वेळ आणि पैसा सर्वाधिक तिथेच वाया जातो.

ॲक्च्युएटरच्या माहितीपत्रकावर बहुधा डॅम्परच्या क्षेत्रफळाचा एक ढोबळ आकडा छापलेला असतो: ५ न्यूटन-मीटरचा ॲक्च्युएटर सुमारे १ चौरस मीटरपर्यंत, १० चा २ पर्यंत, २० चा ४ पर्यंत. म्हणजे दर चौरस मीटरला ५ न्यूटन-मीटर. आपल्या रिटर्न डॅम्परचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आहे. त्याला ५ ने गुणले की ९ येतात आणि १० न्यूटन-मीटरचा ॲक्च्युएटर योग्य वाटतो. ही निवड बहुधा याच हिशेबाने झालेली असावी. परंतु तो आकडा सील नसलेल्या, हलक्या फिरणाऱ्या, मध्यम वेगाच्या डॅम्परसाठी आहे. ब्लेडच्या कडांना रबरी किंवा सिलिकॉनचे सील असतील आणि बाजूच्या चौकटीला स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचे सील असतील, तर मिटण्याच्या शेवटच्या आठ-दहा अंशांत हे सील दाबण्यासाठीच बराचसा टॉर्क खर्च होतो. आपली फट नेमकी तिथेच राहते, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

मी अनेक वर्षे वापरत असलेले आकडे असे आहेत. समांतर ब्लेड आणि सील असतील तर दर चौरस मीटरला साधारण ८.५ न्यूटन-मीटर, समांतर ब्लेड सीलविना असतील तर ५, विरुद्ध दिशेने फिरणारे ब्लेड आणि सील असतील तर ६, आणि तेच सीलविना असतील तर ३.६. हे आकडे डक्टमधील हवेचा वेग सेकंदाला ५ मीटरपर्यंत असताना लागू पडतात. वेग ५ ते सुमारे १२.५ मीटर असेल तर दीडपट करावेत आणि त्याहून अधिक, १५ मीटरपर्यंत, असेल तर दुप्पट करावेत. डॅम्पर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. माझे आकडे तो नसतानाचे आहेत.

आपल्या रिटर्न डॅम्परला विरुद्ध दिशेने फिरणारे ब्लेड आणि सील आहेत, म्हणून १.८ गुणिले ६ म्हणजे १०.८ न्यूटन-मीटर. एएचयूचा प्रवाह सुमारे २१,००० घनफूट प्रतिमिनिट आहे असे आपण लिहिले आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास १० घनमीटर, आणि त्या क्षेत्रफळातून वेग साडेपाच मीटरच्या आसपास येतो. ही ५ मीटरची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे दीडपट करावी लागते आणि १६ न्यूटन-मीटरच्या थोडे वर जाते. तेव्हा २० न्यूटन-मीटरचा ॲक्च्युएटर लागतो. १० चा शेवटी अडणार हे गणितातूनच दिसते. फ्रेश एअर डॅम्परचे क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर, ब्लेड समांतर, सील आहेत आणि वेग ४ मीटरच्या आत आहे; म्हणून ४.६ न्यूटन-मीटर येतात. तिथे ५ चा ॲक्च्युएटर काठावर गेला असता, परंतु १० चा पुरेसा आहे. ते सहा बदलण्याचे काहीही कारण नाही.

अनेक अभियंत्यांचा असा समज असतो की बंद डॅम्परवर हवेचा दाब असतो म्हणून मोटर अडते. याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहण्यासारखा आहे. सामाईक शाफ्टमध्ये ३०० पास्कलचा फरक असेल तर १.८ चौरस मीटरवर ५४० न्यूटन, म्हणजे सुमारे ५५ किलो वजनाइतका जोर येतो. हा जोर मोठा वाटतो, परंतु ब्लेडचा शाफ्ट (फिरणारा दांडा) मधोमध असल्यामुळे ब्लेडच्या दोन्ही अर्ध्या भागांवरील दाब परस्परांना जवळपास तोलतो आणि सर्व जोर बेअरिंगवर येतो. १२ मिमीच्या शाफ्टची त्रिज्या ६ मिमी आणि बेअरिंगचा घर्षणांक ०.२ धरला, तर ५४० × ०.२ × ०.००६ म्हणजे जेमतेम ०.६५ न्यूटन-मीटर येतात. म्हणजे नवीन, स्वच्छ बेअरिंगच्या डॅम्परमध्ये दाब हा खलनायक नसतो. परंतु तेच बेअरिंग खाऱ्या हवेने गंजले, चौकट बसवताना तिरकी झाली किंवा डक्टचे फ्लँज आवळताना चौकट पिळली गेली, की हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो. बांधकामावर पाहिलेल्या अडलेल्या डॅम्परांपैकी कित्येकांची चौकट कर्णात मोजली तेव्हा दोन कर्णांत पाच-सहा मिमीचा फरक निघाला आणि बोल्ट सैल करून चौकट सरळ करताच जुना ॲक्च्युएटर व्यवस्थित चालू लागला.

म्हणून नवीन ॲक्च्युएटर मागवण्यापूर्वी प्रत्यक्ष टॉर्क मोजावा. त्याला महागडे उपकरण लागत नाही. ॲक्च्युएटरचा क्लँप सोडून शाफ्टवर २०० मिमी लांबीचा पट्टीसारखा लिव्हर घट्ट बसवावा, त्याच्या टोकाला स्प्रिंग काटा अडकवून लिव्हरशी काटकोनात ओढावे आणि डॅम्पर मिटण्याच्या अखेरच्या दहा अंशांत काट्यावरील सर्वांत मोठे वाचन नोंदवावे. काटा ४ किलो दाखवत असेल तर ४ × ९.८१ × ०.२ म्हणजे ७.८ न्यूटन-मीटर. हे मोजमाप पंखा बंद आणि पंखा चालू अशा दोन्ही स्थितींत घ्यावे. आलेला आकडा ॲक्च्युएटरच्या टॉर्कच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर मी तो ॲक्च्युएटर स्वीकारत नाही, कारण पावसाळ्यानंतर बेअरिंग कोरडे पडते आणि आज मोजलेला आकडा दोन वर्षांनी तसाच राहत नाही. पंखा बंद असतानाही वाचन अपेक्षेच्या दुप्पट येत असेल, तर दोष डॅम्परमध्ये आहे आणि त्यावर मोठी मोटर लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

मोठ्या मोटरचे धोकेही आहेत. २० ऐवजी ४० न्यूटन-मीटर लावले तर अडलेल्या डॅम्परचा क्रँक आर्म वाकतो, लिंकेजचा स्क्रू घसरतो आणि ॲक्च्युएटर मात्र आपण पूर्ण फिरलो असे कळवत राहतो. १५०० मिमी लांबीचे ब्लेड एका टोकाने फिरवताना शाफ्ट स्वतः थोडा पिळला जातो, त्यामुळे मोटरकडील टोक मिटते आणि दूरच्या टोकाला फट राहते. आपल्या डॅम्परमध्ये फट एका बाजूला अधिक आहे का, हे टॉर्चने जरूर पाहावे. तसे असेल तर टॉर्क वाढवून काम होणार नाही. जॅकशाफ्ट (ब्लेडांना जोडणारा वेगळा दांडा) घालून जोर सर्व ब्लेडांना समान पोहोचवावा लागेल.

ॲक्च्युएटर बसवण्याविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण पुढच्या अनेक तक्रारी त्यांतून जन्म घेतात. पहिली ही की डॅम्पर हाताने पूर्ण मिटवून धरावा, ॲक्च्युएटर त्याच्या मिटलेल्या टोकापासून सुमारे ५ अंश आधी ठेवावा आणि मग क्लँप आवळावा. त्यामुळे डॅम्पर मिटल्यावरही मोटरकडे ५ अंशांचा प्रवास शिल्लक राहतो आणि ती सील दाबून धरते. ॲक्च्युएटर शून्यावर आणि डॅम्परही शून्यावर ठेवून क्लँप आवळला, तर क्लँप किंचित घसरला तरी फट पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्च्युएटर स्वतः फिरू नये म्हणून दिलेली पट्टी. तिच्या खाचेत पिन थोडी हलली पाहिजे. डक्टवर ॲक्च्युएटर चारही बाजूंनी घट्ट बोल्ट करून टाकला, तर शाफ्टचा जराही वाकडेपणा थेट मोटरच्या गिअरवर येतो आणि काही महिन्यांत तो आवाज करू लागतो.

आता वायरिंगकडे वळू. ०–१० व्होल्टवर चालणाऱ्या २४ व्होल्टच्या ॲक्च्युएटरला सामान्यतः चार वायर असतात: कॉमन, २४ व्होल्टची गरम (हॉट, म्हणजे पुरवठ्याची) वायर, सिग्नलची वायर आणि स्थान कळवणाऱ्या फीडबॅकची वायर. कारखान्याच्या केबलमध्ये कॉमन काळी आणि गरम वायर लाल अशी पद्धत रूढ आहे. आपल्याकडील वायरमनला काळा म्हणजे न्यूट्रल हे ठाऊक असल्याने तिथे सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा २३० व्होल्टच्या युरोपीय ॲक्च्युएटरमध्ये होतो. त्यांत निळी वायर न्यूट्रलची असते आणि तपकिरी फेजची. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा हे तीन फेजचे रंग म्हणून डोक्यात बसलेले असतात आणि निळ्या वायरला फेज जोडला जातो. रंगावर विसंबू नये, टर्मिनलचा क्रमांक आणि ॲक्च्युएटरवरील आकृती पाहूनच जोडणी करावी.

चार वायरींतील कॉमन ही दुहेरी काम करते. मोटरचा वीजप्रवाह तिच्यातूनच परत जातो आणि ०–१० व्होल्टचा सिग्नलही तिच्याच आधाराने मोजला जातो. आपल्या वरच्या तीन मजल्यांच्या तक्रारीचे उत्तर या एका वाक्यात आहे, पण ते आकड्यांनी पाहू.

आपला पॅनेल तळमजल्यावर आहे, त्यात एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि १ चौरस मिमीची केबल रायझरमधून (केबलच्या उभ्या मार्गातून) सहाव्या मजल्यापर्यंत सुमारे ५० मीटर जाते. फ्रेश एअरचे सहा ॲक्च्युएटर प्रत्येकी ४ व्हीएचे (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि रिटर्नचे नवे सहा प्रत्येकी ६ व्हीएचे धरले, तर एकूण ६० व्हीए, म्हणजे २४ व्होल्टवर २.५ अँपिअर होतात. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला ०.०१८ ओहम, जाण्या-येण्याचे १०० मीटर धरले तर १.८ ओहम आणि सर्व भार टोकाला असता तर ४.५ व्होल्टची घट झाली असती. भार मजल्यामजल्यावर वाटला गेलेला असल्याने प्रत्यक्षात सहाव्या मजल्यावर ही घट याच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे २.७ व्होल्ट धरू. या ॲक्च्युएटरना सामान्यतः २४ व्होल्टच्या २० टक्के खालपर्यंत, म्हणजे १९.२ व्होल्टपर्यंत चालणे शक्य असते. दुपारी मुख्य पुरवठा २३० ऐवजी २१० व्होल्ट झाला की ट्रान्सफॉर्मरचे आउटपुट २१.९ होते आणि त्यातून २.७ वजा केले की उरतात नेमके १९.२. म्हणजे केबल कागदावर कशीबशी चालते आणि प्रत्यक्षात त्याच काठावर उभी असते.

परंतु डॅम्पर सतत हलण्याचे कारण व्होल्टेज कमी पडणे इतकेच नाही. २.७ व्होल्टच्या घटीपैकी निम्मी, म्हणजे सुमारे १.३ व्होल्ट, कॉमन वायरवर होते. बहुतेक २४ व्होल्टच्या ॲक्च्युएटरमध्ये अर्ध-तरंग रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असतो, म्हणजे ते पुरवठ्याचा एकच अर्धा भाग वापरतात. त्यामुळे कॉमनवरील घटीतही एक डीसी हिस्सा येतो आणि तो सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. ०–१० व्होल्टच्या सिग्नलमध्ये १० व्होल्ट म्हणजे ९० अंश, तेव्हा १ व्होल्टची चूक ही ९ अंशांची चूक ठरते. शिवाय मोटर फिरताना जितकी वीज घेते, त्याच्या निम्म्याहूनही कमी ती थांबल्यावर घेते. म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा डॅम्पर हलला की कॉमनवरील घट बदलते, पाचव्या मजल्यावरच्या ॲक्च्युएटरला सिग्नल बदलल्यासारखा वाटतो, तो हलतो, त्याने पुन्हा घट बदलते आणि सहाव्या मजल्यावरचा हलतो. हे डॅम्पर एकमेकांना हलवत आहेत. कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये पीआयडीचे (नियंत्रणाच्या सूत्राचे) आकडे कितीही बदलले तरी हे थांबणार नाही.

यावर २.५ चौरस मिमीची केबल टाकली तर सर्व भार टोकाला धरून काढलेली घट ४.५ वरून १.८५ व्होल्टपर्यंत खाली येते आणि त्रास बराच कमी होतो. परंतु माझा सल्ला वेगळा आहे. प्रत्येक एएचयू खोलीत २३० व्होल्टचा पुरवठा आधीपासून असतो. तिथेच एक छोटा २३०/२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवावा, त्यातून फक्त त्या खोलीतील दोन ॲक्च्युएटर चालवावेत आणि पॅनेलपासून केवळ सिग्नल आणि सिग्नलचा कॉमन ही बारीक, शिल्डेड (धातूच्या आवरणाची) जोडी न्यावी. तेव्हा सिग्नलच्या कॉमनमधून मोटरचा प्रवाह जात नाही आणि केबल कितीही लांब असली तरी चालते, कारण ॲक्च्युएटरचा सिग्नल इनपुट सुमारे १०० किलो-ओहमचा असल्याने त्या वायरमधून मिलिअँपिअरचा दहावा भाग जेमतेम वाहतो. शिल्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करावी. ही केबल पंख्याच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलशेजारून एकाच ट्रेमध्ये नेऊ नये. किमान ३०० मिमी अंतर ठेवावे आणि ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी. काही कारणाने ट्रान्सफॉर्मर हलवणे शक्य नसेल तर कंट्रोलरकडून ४–२० मिलिअँपिअर घेऊन ॲक्च्युएटरच्या टर्मिनलवर ५०० ओहमचा रोधक लावावा. त्यातून तिथेच २–१० व्होल्ट तयार होतात.

ट्रान्सफॉर्मर निवडताना वॅट नव्हे तर व्हीए मोजावेत. माहितीपत्रकात दोन्ही आकडे असतात आणि व्हीएचा आकडा वॅटच्या दुपटीच्या आसपास निघतो. एकूण व्हीए ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावेत आणि दुय्यम, म्हणजे २४ व्होल्टच्या, बाजूला फ्यूज घालावा.

आता जळालेल्या आउटपुटकडे येतो. दोनदा एकाच ठिकाणी जळाले म्हणजे तिथे कॉमन उलटलेला आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. अर्ध-तरंग ॲक्च्युएटरमध्ये कॉमन टर्मिनल थेट २४ व्होल्टच्या एका वायरशी जोडलेले असते. कंट्रोलरही त्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल आणि त्याच्या पुरवठ्याच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्या, तर कंट्रोलरचा कॉमन आणि ॲक्च्युएटरचा कॉमन यांत २४ व्होल्टचा फरक उभा राहतो आणि सिग्नलच्या कॉमनमधून सरळ शॉर्ट सर्किट होते. याहून फसवी अवस्था म्हणजे कंट्रोलरमध्ये ब्रिज रेक्टिफायर (एसीचे दोन्ही अर्धे भाग वापरणारा) असणे. तिथे वायर सरळ असोत वा उलट, कंट्रोलरचा अंतर्गत कॉमन ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्याच वायरशी कायम समान नसतो. अर्ध-तरंग ॲक्च्युएटरशी कॉमन जोडताच ब्रिजमधील एक डायोड ट्रान्सफॉर्मरवर थेट शॉर्ट होतो. अशा कंट्रोलरला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर देणे हाच एकमेव योग्य उपाय आहे. एका प्रकल्पावर मी स्वतः चार कंट्रोलर जळालेले पाहिले आहेत. चारही वेळा ते बदलून दिले गेले आणि पाचव्यांदा कोणीतरी रेक्टिफायरचा प्रकार विचारला, तेव्हा कारण कळले.

म्हणून सिग्नलची जोडी टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी हे अवश्य करावे. ॲक्च्युएटर आणि कंट्रोलर दोघांचाही पुरवठा चालू ठेवावा, सिग्नलचा कॉमन मात्र सुटा ठेवावा आणि दोन्ही कॉमन टर्मिनलांमध्ये एसी व्होल्टेज मोजावे. शून्याच्या जवळ आले तर जोडणी सुरक्षित आहे. २४ च्या आसपास आले तर एकाची वायर उलटी आहे. दोघे वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असतील तर डिजिटल मल्टिमीटर दहा-पंधरा व्होल्टचे भासमान वाचन दाखवू शकतो. तेव्हा मल्टिमीटरऐवजी २४ व्होल्टचा छोटा बल्ब दोन टोकांना लावून पाहावा. बल्ब पेटला तर व्होल्टेज खरे आहे, न पेटल्यास ते केवळ केबलमधून प्रेरित झालेले आहे. हेच भासमान व्होल्टेज दुसऱ्या ठिकाणीही त्रास देते: खुला-बंद पद्धतीच्या ॲक्च्युएटरला कंट्रोलरच्या ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुटवरून लांब केबलने आज्ञा दिली तर आउटपुट बंद असूनही गळती प्रवाहामुळे तो किंचित सरकत राहतो. तिथे मध्ये एक रिले घालावा.

दुय्यम वायरींपैकी एक अर्थ करायची असेल तर ती ट्रान्सफॉर्मरपाशी, एकाच ठिकाणी करावी, आणि ती वायर सर्वत्र कॉमन म्हणूनच वापरावी. आणखी एक धोका जिवाशी संबंधित आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. आता प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आले की जंक्शन बॉक्समध्ये दोन ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही २४ व्होल्ट वायरी चुकून एकत्र होण्याची शक्यता निर्माण होते. तसे झाले आणि कोणी एका मजल्याचा एमसीबी बंद करून काम करू लागले, तर दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट बंद ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूत शिरतात आणि त्याच्या मुख्य बाजूवर, जी बंद आहे असे समजून माणूस हात लावतो तिथे, २३० व्होल्ट येतात. मजल्याचा पुरवठा बंद केल्यावरही मुख्य टर्मिनलवर टेस्टर लावूनच काम सुरू करण्याची सक्त ताकीद आपल्या वायरमनना द्यावी.

एकाच मोठ्या डॅम्परवर दोन ॲक्च्युएटर लावण्याचा मोह होऊ शकतो, कारण १० न्यूटन-मीटरचे आपल्याकडे आहेतच. ते करू नये. दोन मॉड्युलेटिंग (सिग्नलप्रमाणे मधल्या स्थितीत थांबणाऱ्या) ॲक्च्युएटरना समांतर एकच सिग्नल दिला तरी प्रत्येक जण आपापल्या मोजमापाने थांबतो आणि शाफ्टवर दोघे एकमेकांशी झुंजत राहतात. उत्पादकाने तशी परवानगी दिलेली असेल तरच, आणि तेव्हाही पहिल्याचा फीडबॅक दुसऱ्याच्या सिग्नलला देऊन, ते चालवता येतात. त्यापेक्षा काढलेले १० न्यूटन-मीटरचे सहा ॲक्च्युएटर फ्रेश एअर डॅम्परसाठी सुटे म्हणून ठेवावेत.

पंखा आणि डॅम्पर यांचा क्रम हाही वायरिंगचाच भाग आहे. साधा ॲक्च्युएटर पूर्ण उघडायला दीड ते अडीच मिनिटे घेतो. रिटर्न डॅम्पर मिटलेला असताना पंखा सुरू झाला तर डक्टची पत्रे आत ओढली जातात. मोठा आवाज करून वाकलेले डक्ट मी पाहिले आहेत. म्हणून ॲक्च्युएटरवर सहायक स्विच घ्यावा, तो ८० टक्के उघडल्यावर जुळेल असा ठरवावा आणि त्याचा संपर्क पंख्याच्या स्टार्टरच्या साखळीत घालावा. दोन सहायक स्विच असलेल्या ॲक्च्युएटरमध्ये एकावर २४ आणि दुसऱ्यावर २३० व्होल्ट आणू नयेत. दोन्ही एकाच प्रकारच्या व्होल्टेजवर वापरावेत. पंख्याचा स्टार्टर २३० व्होल्टचा आणि बीएमएसचे (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेचे) इनपुट २४ चे असेल तर मध्ये रिले घालावा.

शेवटचा प्रश्न स्प्रिंग रिटर्नचा. साधा ॲक्च्युएटर वीज गेली की जिथे असेल तिथेच थांबतो. स्प्रिंग रिटर्नचा ॲक्च्युएटर वीज गेल्यावर सुमारे २० सेकंदांत ठरलेल्या टोकाला परततो. थंड देशांत फ्रेश एअर डॅम्परवर स्प्रिंग लावतात ती कॉइल गोठून फुटू नये म्हणून. नवी मुंबईत ते कारण नाही. इथले खरे कारण धूर आहे. आपल्या सामाईक रिटर्न शाफ्टमुळे एका मजल्यावरील धूर इतर पाच मजल्यांवर जाऊ शकतो, म्हणून रिटर्न डॅम्परचे सहाही ॲक्च्युएटर स्प्रिंग रिटर्नचे घ्यावेत आणि अग्निशमन पॅनेलच्या रिलेमधून त्यांचा २४ व्होल्टचा पुरवठाच तोडावा, सिग्नल शून्य करून भागणार नाही. फ्रेश एअरच्या डॅम्परना तसे करण्याची तितकी निकड नाही. एक खबरदारी अशी की स्प्रिंग रिटर्नच्या माहितीपत्रकात मोटरचा आणि स्प्रिंगचा टॉर्क वेगवेगळा दिलेला असू शकतो. वरचा १६ न्यूटन-मीटरचा हिशेब त्यांपैकी कमी असलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. हे ॲक्च्युएटर अधिक व्हीए घेतात, ६ नव्हे तर ८ किंवा अधिक, त्यामुळे प्रत्येक खोलीतील छोट्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

या सर्वांत शाफ्टच्या भिंतीतील फायर डॅम्पर धरलेला नाही. तो वेगळा घटक असून नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागाच्या कक्षेत येतो. तो ज्या ॲक्च्युएटरसह चाचणी होऊन प्रमाणित झाला आहे, त्याच्याऐवजी तितक्याच टॉर्कचा साधा ॲक्च्युएटर लावला तर ते प्रमाणपत्र लागू राहत नाही. त्या डॅम्परला हात लावायचा झाल्यास त्याच्या उत्पादकाकडूनच जोडी मागवावी. बाकीच्या डॅम्परांवर उद्याच सुरू करता येईल असे काम म्हणजे स्प्रिंग काटा आणि २०० मिमीचा लिव्हर घेऊन सहाही रिटर्न डॅम्परांचा मिटतानाचा टॉर्क मोजणे आणि जळालेल्या आउटपुटच्या कंट्रोलरचा रेक्टिफायर कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या माहितीपत्रकात पाहणे. ते सहा आकडे आणि तो प्रकार कळवल्यास कोणत्या डॅम्परची चौकट आधी सरळ करावी लागेल आणि कुठे थेट २० न्यूटन-मीटरचा ॲक्च्युएटर बसवता येईल, हे मला मजलावार सांगता येईल.